नक्की सर

मसाल्याच्या पाकिटामागच्या चार ओळी मी सहाव्यांदा लिहून दिल्या होत्या. मसालेवाल्या मालकांचा मेसेज आला, "छान झालंय, फक्त जरा अजून खमंग करा. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम." या वेळी 'नाही जमणार' असं सरळ कळवायचं ठरवून मी मोबाइलवर 'न' टाइप केला, तर कीबोर्डने पुढचं आपणहून सुचवलं, 'नक्की सर'.

किळस आली. आधी त्या यंत्राची, मग माझी. त्याला हे शिकवलं कुणी? शब्दांवर पोट भरतो म्हणून मिरवणाऱ्या माणसाच्या बोटांत शेवटी हे दोनच शब्द मुरले होते, कितीही घासलं तरी न निघणाऱ्या ओशटपणासारखे. माणसं सांभाळायची, सांभाळायची म्हणताना कणा कधी मऊ पडला, कळलंही नाही.

तरी बोट तिथेच पडलं. मेसेज गेला.

तेवढ्यात आईचा मेसेज आला, "रविवारी जेवायला येतोस ना?" घाईत मी पुन्हा 'न' दाबला आणि जे वर आलं तेच पाठवून दिलं.

थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, "ये. पण आई म्हटलंस तरी चालेल."