रीतीचे गुण

दहावीला मी गणितात पास झाले ती निव्वळ रीतीच्या गुणांवर. आमच्या शाळेतले गणिताचे सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे : उत्तर चुकलं तर चुकू दे, रीत सोडायची नाही. मी ती कधी सोडली नाही. माझ्या एका गणितात भिंत बांधायला साडेतीन मजूर लागले होते. तरी सरांनी पाचांतले तीन गुण दिले, कारण ‘समजा’पासून ‘म्हणून’पर्यंत सगळं जागच्या जागी होतं आणि उत्तराखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा होत्या. पुढे मी आर्ट्सला गेले आणि गणिताला रामराम ठोकला.

बीए झाल्यावर माझ्या डोक्यात एमबीएचं खूळ शिरलं. ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हा शब्द कुणाच्या कानावरून गेला नव्हता. शेजारच्या काकूंनी विचारलं, “म्हणजे अर्धं एमबीबीएस का गं?” बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फोरमन होते आणि त्यांनी साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. ऑफिसात टायपिस्टची जागा होती, कायमची, घरापासून एका स्टेशनावर.

“परीक्षा दे,” बाबा म्हणाले, “पण नंबर नाही लागला तर जूनपासून तिकडे जायचं. तोवर साहेब थांबतील.”

मला ती नोकरी नको होती. दुसऱ्यांची पत्रं बडवत बसायच्या कल्पनेनेच मला रडू यायचं. पण बाबांना कुणापुढे शब्द टाकायची सवय नव्हती आणि त्यांनी तो माझ्यासाठी टाकला होता, म्हणून मी मान डोलावली.

प्रवेशपरीक्षेत निम्मा पेपर गणिताचा. माझं नशीब असं की खालच्या मजल्यावरची मैत्रीणही त्याच परीक्षेला बसत होती. ती कॉमर्सची, आकड्यांत पटाईत, पण इंग्रजी उतारा दिसला की तिला घाम फुटायचा. मी तिला इंग्रजी शिकवायचं आणि तिने मला गणित, असं ठरलं. जागा ठरली गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत.

पहिल्याच दिवशी तिने घड्याळ लावून मला सरावाचा पेपर दिला. मी कंपासपेटीतली पट्टी काढली, फुलस्केप कागदाला समास आखला आणि कामाला लागले. ‘समजा, टाकीची क्षमता क्ष लिटर आहे.’ वेळ संपली तेव्हा माझे तीन ताव भरले होते आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते. तिने ताव उलटेपालटे करून पाहिले.

“पन्नासातले सहाच? आणि ह्या रेघा कसल्या गं?”

“उत्तराखालच्या. रीत बरोबर आहे ना?”

“अगं बाई, रीत कोण बघतंय तिथे? फक्त ए, बी, सी, डीवर खूण करायची. तुझी वाट लागली, यार!” असं म्हणून ती जी हसत सुटली, ती थांबेना.

मी मात्र गार पडले. जिच्या जिवावर मी गणितात तरले होते, त्या रीतीला इथे एक गुणसुद्धा नव्हता. टाइपरायटर डोळ्यांसमोर दिसायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिने माझं पेनच काढून घेतलं. “आता तोंडी. एक नळ टाकी चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळ? दहा तास, पाच तास, साडेचार तास, की दोन तास चोवीस मिनिटं?”

माझी बोटं हवेतच ‘समजा’ लिहायला लागली. तिने हातावर चापट मारली.

“दोन नळ सोडल्यावर एका नळापेक्षा जास्त वेळ लागेल का?”

“नाही.”

“मग चारपेक्षा कमी कुठलं आहे?”

एकच होतं. मी ते सांगितलं आणि उत्तर बरोबर आलं, कागदावर एक अक्षर न लिहिता! मला आधी चोरी केल्यासारखं वाटलं आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. पलीकडे पापड वाळत घालणाऱ्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “चार तासांत भरते ती टाकी आहे तरी कुठे? आपली तर रात्रभर भरत नाही.”

त्यानंतर पापडांचा मोसम आणि आमचा अभ्यास एकदमच रंगात आला. मैत्रीण प्रश्न मोठ्याने वाचायची, मी अशक्य उत्तरं एकेक करून हाकलून लावायची आणि काकू प्रश्न न ऐकताच “सी!” म्हणून ओरडायच्या. कधीकधी त्यांचंच बरोबर यायचं, मग त्या दिवसभर ताठ मानेने फिरायच्या. इंग्रजीच्या वेळी मैत्रीण अग्रलेख इतक्या त्वेषाने वाचायची की कावळे उडून जायचे. अभ्यासाची वेळ कधी होते याची मी वाट बघायला लागले, आणि तेही गणितासाठी. शाळेतल्या सरांनी ऐकलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

परीक्षेत मी पट्टी नेली नाही. जी गणितं जमणार नव्हती ती बिनदिक्कत सोडली आणि बाकीच्यांवर खुणा करत सुटले.

निकालाच्या यादीत आम्हा दोघींचे नंबर होते, तिचा बराच वर, माझा शेवटाकडे. मी जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढत घरी पोचले. बाबा नुकतेच कामावरून येऊन मोरीत पाय धूत होते.

“बाबा, नंबर लागला! उद्याच साहेबांना सांगा, जागा नको म्हणून.”

“ती जागा कधीच भरली गो,” ते पाय पुसत म्हणाले. “मीच सांगितलं त्यांना, दुसरं कोण असेल तर घ्या.”

“कधी?”

“तुझी परीक्षा व्हायच्या आधी.”

मी दारातच थबकले. “आणि नंबर नसता लागला तर?”

“तर पुढच्या वर्षी दिली असतीस परत,” बाबा म्हणाले. “गच्चीवरचं तुझं हसणं खाली घरात ऐकू यायचं. लहानपणी गणित करताना तू नुसती रडायचीस. ते हसणं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांना सांगून आलो, माझी मुलगी येत नाही म्हणून.”