टाळीच्या थोडं आधी

निवृत्त झाल्यावर मी नाचाच्या संगीताच्या नादी लागलो, याचं आमच्या हरणी भागातल्या सोसायटीत अजून लोकांना हसू येतं. येऊ दे. बाजव्याकडच्या प्लांटमध्ये मी आयुष्यभर दाब आणि तापमान मोजणारी उपकरणं सांभाळली. काटा केसभर हलला तरी मला चैन पडत नसे. भजनात हार्मोनियमही मी तशीच वाजवायचो. चुकत काही नसे, पण कुणाला डोलावंसंही वाटत नसे. मग पुण्याला असलेल्या मुलीने माझ्या लॅपटॉपवर संगीत करायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. त्यातली एकच गोष्ट मला मनापासून आवडली, ती म्हणजे स्टॅब. तीन-चार सूर एकदम दाबायचे आणि लगेच सोडायचे, रेंगाळायचं नाही. पडद्यावर चौकटी आखलेल्या असतात. ज्या चौकटीत ठिपका ठेवाल, तिथे ‘ठॅप’ असा आवाज येतो आणि बाकीचं गाणं त्याच्या तालावर हलायला लागतं.

बायकोला या उद्योगाचं कौतुक नव्हतं आणि तक्रारही नव्हती, कारण तिला हल्ली बरंचसं ऐकूच येत नव्हतं. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे दाराची बेल, कुकरची शिट्टी, टाळ्या. कानाचं मशीन घरात बरं चालायचं, पण गर्दीत सगळ्याचा नुसता गोंगाट करायचं. ही गोष्ट कुणालाही कळता कामा नये, अशी तिची मला सक्त ताकीद होती. मुलीलासुद्धा नाही. गेल्या नवरात्रात ती दोन दिवस गरब्याला उतरली. तिची टाळी सगळ्यांच्या मागून पडली, कुणीतरी हसलं, आणि उरलेले सात दिवस ‘कंटाळा आलाय’ म्हणत ती घरात बसून राहिली. माहेरी नागरवाड्यात फ्रॉक घालून फिरत होती तेव्हापासून जिने एकही नवरात्र चुकवलं नव्हतं, ती. मला फार वाईट वाटलं. तसं बोललो असतो तर तिने मला फाडून खाल्लं असतं.

यंदा श्रावणात एका दुपारी मी स्पीकर लावून स्टॅब जुळवत बसलो होतो आणि ती समोर गवार मोडत होती. सहज लक्ष गेलं, तर प्रत्येक शेंग माझ्या ठोक्यापाठोपाठ तुटत होती.

“तुला हे ऐकू येतंय?” मी ओरडून विचारलं.

“हे येतंय की. ढोलाचा नुसता घुमारा होतो, पण हे कसं स्वच्छ येतं.”

मला बसवेना. आमच्या सोसायटीचा गरबा रेकॉर्डवर होतो. गाणी बिल्डिंगमधल्या बायकांनीच गायलेली आहेत. मी सेक्रेटरींना गाठलं आणि यंदा गाण्यांना जरा साज चढवून देतो म्हणालो. “करो ने, काका!” म्हणत त्यांनी पेन ड्राइव्ह हातावर ठेवला. खरं कारण मी अर्थातच सांगितलं नाही.

सॉफ्टवेअरला चाराच्या चौकटींची सवय आणि गरब्याचा ताल सहाचा, म्हणून आधी चौकटी बदलल्या. मग तीन टाळ्यांच्या गरब्यातल्या प्रत्येक टाळीवर एकेक स्टॅब ठेवला, अगदी नेमका. टीपॉय बाजूला सरकवून बायको हॉलमध्ये उभी राहिली. पहिली टाळी उशिरा पडली. दुसरी उशिरा. तिसरीही.

“अगं, बरोब्बर टाळीवर ठेवलाय! केसभर इकडेतिकडे नाही!”

“टाळीवर ठेवलाय म्हणूनच चुकतंय!” ती भडकली. “तो वाजणार, मग मी हात उचलणार, मग टाळी पडणार. तोवर बाकीच्यांची पडून गेलेली. अहो, गाडी सुटल्यावर शिट्टी मारून काय उपयोग?”

माझा नेमकेपणा असा जमिनीवर आला. मी तिच्या टाळ्या रेकॉर्ड केल्या, किती उशीर होतो ते पडद्यावर मोजलं आणि प्रत्येक स्टॅब तेवढा अलीकडे ओढला. संथ गाण्यात जमलं. लय वाढली की पुन्हा सगळं बिघडायचं, कारण गाणं कितीही पळालं तरी हाताला वर जायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे प्रत्येक लयीचा हिशेब वेगळा. आठ-दहा दिवस आमचा हा तमाशा चालला होता. एकदा मी चिडून माउस आपटला, एकदा ती रडली. आणि मग एका सकाळी सलग तीन फेऱ्यांत तिची एकही टाळी चुकली नाही. “चहा ठेवते,” एवढंच म्हणून ती आत गेली. मी इतका खूश झालो की साखर जास्त पडलेला चहा न बोलता प्यायलो.

धाकधूक एकच होती, टाळीच्या आधी पडणारा आवाज बाकीच्यांना चुकीचा वाटला तर? पण पार्किंगमध्ये सराव झाला तेव्हा कॉलेजातल्या मुली धावत टेबलाशी आल्या. “काका, आ तो जोरदार छे!” नाचाच्या संगीतात स्टॅब मुद्दाम असाच ठोक्याच्या अलीकडे टाकतात, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी आधीपासून माहीत असल्यासारखी मान डोलावली.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी आरती झाली आणि बायको बांधणीची साडी नेसून गोलात शिरली. मी लॅपटॉपपाशी बसून फक्त तिचे हात बघत होतो. टाळी सगळ्यांबरोबर पडत होती, एकूण एक. माझे डोळे भरून आले, म्हणून मी खाली वाकून वायरी तपासत बसलो.

चौथ्या गाण्याला आमच्या वरच्या मजल्यावरच्या बेन गोलात आल्या. बायकोपेक्षा वयाने मोठ्या. त्यांची टाळी मागून पडली, त्या बाहेर झाल्या, पुन्हा शिरल्या, पुन्हा बाहेर. मागच्या दोन पोरी खुसखुसल्या. गाणं संपलं तशी बायको तडक त्यांच्याजवळ गेली. तिला वाटलं ती हळूच बोलतेय. स्वतःच्या आवाजाचा अंदाज तिला आता कुठे राहिलाय?

“मने पण ओछुं संभळाय छे, बेन! आ ठॅप वागे ने, एटले हाथ ऊंचा करवाना. ताळी एनी मेळे पडशे!”

स्पीकर बंद होता. मलाही कमी ऐकू येतं, ठॅप वाजला की हात वर करायचे, टाळी आपोआप पडेल, हे तिचं बोलणं सगळ्या पार्किंगने ऐकलं. लोकांचे चेहरे बघून तिच्याही ते लक्षात आलं. आता ही जिना चढून घरी जाणार, असं मला वाटलं आणि मी खुर्चीवरून अर्धा उठलोही. तिने पदर खोचला, बेनचं मनगट धरून त्यांना आपल्या शेजारी गोलात ओढलं आणि तिथूनच माझ्यावर ओरडली, “अहो, बघत काय बसलाय? लावा की!”

मी लावलं. पहिला ठॅप वाजला आणि दोघींचे हात एकदम वर गेले.