अळणीवरची साय

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड दुधानं कधी पोळलं नव्हतं, तरी मी पहिल्यापासून ताक फुंकूनच प्यायची. घरच्याच रानातली डाळ असली तरी पुन्हा पुन्हा निवडायची, कुणी गोड बोललं की त्याचं आपल्याकडे काय काम असेल ते आधी शोधायची. स्वभावच तसा. त्याची मला लाज वाटत नाही. आणि पुढे जे सांगणार आहे त्यातही माझा संशय अगदीच वाया गेला असं नाही.

माझं माहेर सांगलीजवळ, नदीकाठी. घरात सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मटण, मासळी, अंडं यांचा उंबऱ्याच्या आत शिरकाव नाही. सासर मिळालं ते रहिमतपूरच्या अंगाला. शेतकरी घर, पलटणीत माणसं, खाणारं-पिणारं. लग्न ठरवताना वडिलांनी एकच अट घातली. पोरीच्या गळ्यात माळ आहे, तेव्हा तिच्या ताटात नको ते पडू नये. सासऱ्यांनी लगेच मान डोलावली. सासूनं डोलावली नाही, नुसता डोक्यावरचा पदर सारखा केला. सगळे पेढे खाण्यात गुंग होते, मी मात्र ते पाहून ठेवलं.

शब्द पाळला त्यांनी, खोटं कशाला बोलू. मटण व्हायचं ते मागं परड्यात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. मला आत भाकरी आणि पिठलं, नाहीतर वाघ्या घेवड्याची आमटी. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या ताटाकडे बघून तोंड वाकडं करायच्या. पाल्यावर अंग धरत नाही, हे त्यांचं ठाम मत. मी एकदा धीर करून म्हटलं की शेळीसुद्धा पालाच खाते. तर म्हणाल्या, "खाती की. पर तिला रवंथ कराया येळ असतो. तुला हाय का?"

लढाई चालू होती. नवरा कुठे होता ते पत्रातसुद्धा लिहायची चोरी. बाळंतपणाला माहेरी गेले, मुलगी झाली, आणि थंडी पडता पडता तिला घेऊन सांगलीहून गाडीनं परत आले. माहेरी आईनं अळीव, डिंक, मेथी, जमेल ते पोटात घातलं होतं आणि अंगावर दूधही भरपूर होतं. सासरी आल्यावर ते आटायला लागलं. प्रवासानं म्हणा, कामानं म्हणा, नवऱ्याच्या काळजीनं म्हणा. मुलगी छातीला लागायची, ओढून ओढून दमायची, सोडून द्यायची आणि रडायची. म्हशीचं दूध पाणी घालून पाजून पाहिलं, ते तिला पचेना, सगळं बाहेर यायचं. तिच्या मांड्यांची कातडी सैल पडायला लागली तेव्हा मी मनातून घाबरले.

थोरली जाऊ एकदा धुणं धुताना म्हणाली की आत्याबाईंचं पहिलं लेकरू असंच दुधावाचून गेलं होतं. म्हणून त्या अशा बघतात, म्हणे. मला त्या बोलण्यानं धीर आला नाही, उलट भीती वाटली. असं दुःख झालेलं माणूस काय करील याचा नेम नसतो.

मग एका पहाटे आत्याबाईंनी माझ्यापुढे पितळी वाटी ठेवली. आत तपकिरी, वाफाळतं पाणी. "पी," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, काय आहे. हुलग्याचा कट, म्हणजे हुलगे शिजवून वर निघालेलं पाणी. माझ्या माहेरी हुलगे, म्हणजे कुळीथ, बैलांना घालतात. इथेही बैलांनाच घालायचे, मोठ्या भगुण्यात शिजवून. म्हणजे सासूनं मला बैलाच्या दावणीला बांधली, असं मनात म्हणत मी ते प्याले. मीठ नाही, मिरची नाही, पण चव खमंग, जराशी मातकट. वाईट नव्हतं.

दोन गोष्टी मात्र मला खटकल्या. एक म्हणजे हे पाणी आत्याबाई स्वतः करायच्या, आम्ही उठायच्या आधी, आणि त्या वेळी चुलीजवळ कुणाला फिरकू द्यायच्या नाहीत. भांडंसुद्धा कुठं ठेवतात ते दिसायचं नाही. साधे हुलगे शिजवायला एवढा चोरटेपणा कशाला? मी जावेला खोदून विचारलं. ती म्हणाली, मला काय माहीत, करताना त्या मलाही जवळ येऊ देत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे एक शब्द. एका सकाळी आत्याबाई परड्यातून जावेला ओरडून म्हणाल्या, तिची अळणी वाईच झाकून ठेव. माझ्या माहेरी अळणी म्हणजे ज्यात मीठ नाही ते, बस्स. भाजी अळणी झाली, डाळ अळणी झाली. मी तसंच धरलं. पण जाऊ हसली. मी का हसलीस विचारलं तर म्हणाली, "आमच्यात अळणी म्हंजी मटनाचं पानी. मीठमसाला घालायच्या आदी काढत्यात ते. पोरास्नी, बाळंतिणीस्नी देत्यात, ताकदीला."

आता सांगा. बाळंतिणीला देतात ते पाणी, त्याचं नाव अळणी, आणि माझ्या वाटीचंही नाव अळणी.

सरळ विचारलं का नाही, असं आज माझ्या नाती विचारतात. विचारून काय होणार होतं? नाही म्हणाल्या असत्या तर मी विश्वास ठेवला नसता, आणि हो म्हणाल्या असत्या तर आधी पोटात गेलेल्याचं मी काय करणार होते? शिवाय सासूवर असा आळ घेऊन कुठल्या घरात राहता येतं? मी आपली माझ्या पद्धतीनं चौकशी लावली.

परड्यातलं मटणाचं भांडं रात्रभर तसंच पडलं की सकाळी त्याच्या कडेला पांढरी साय धरलेली असते, चरबीची, हे मी येता-जाता पाहिलेलं. हुलग्याला चरबी कुठून येणार? तेव्हा वाटी मिळाली की मी 'जरा निवू दे' म्हणून ती भिंतीतल्या देवळीत ठेवायची, मुलीला झोका द्यायची आणि वाटी पार गार झाली की आत बघायची. पहाटेचा गारठाच असा होता की पाणी लगेच थंड पडायचं. पहिले काही दिवस वर काही दिसलं नाही. मी गार पाणी पिऊन टाकायची. जरा ओशाळल्यासारखं वाटायचं, पण बघायचं सोडलं नाही.

थोरले दीर रजेवर आले. घरात मटण झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी वाटी आली, मी ती देवळीत ठेवली, आणि थोड्या वेळानं पाहते तर वर पांढरी साय. बोट लावलं, बोटाला तुपासारखी चिकटली.

मला राग आला, आणि त्याहून जास्त एकटं वाटलं. नवरा लढाईवर, माहेर लांब, आणि ज्या बाईच्या हातचं खाऊन मुलीला पाजायचं तिनंच मला फसवलेलं. त्या दिवसापासून मी वाटी घ्यायची, हसून घ्यायची, आणि गोठ्यात जाऊन म्हशीच्या आंबोणात, तिच्या भिजवलेल्या खाद्यात, ओतून यायची. पुन्हा साय बघायच्या भानगडीत पडले नाही. संशयी माणसाला एक पुरावा पुरतो.

माझं दूध आणखी आटलं. मुलीचा रडण्याचा आवाजसुद्धा बारीक झाला. मी रात्री माळ हातात धरून विचार करायची की माळ जपावी की मुलगी. आणि हा प्रश्न आपल्यावर आणला म्हणून आत्याबाईंना मनातल्या मनात बोल लावायची.

मात्र घरात संशय घेणारी मी एकटीच नव्हते, हे मी विसरले. म्हैस अचानक भांडं भरून दूध द्यायला लागली. धार आत्याबाई काढायच्या. वैरण तीच, पेंड लढाईमुळे मिळत नव्हती, आणि म्हशीच्या अंगावर तर तुकतुकी. उलट मी वाटीवर वाटी पिऊन वाळत चाललेली. त्यांनी हिशेब केला असणार. एका सकाळी मी वाटी आंबोणात ओतत असताना मागून आवाज आला.

"म्हस न्हाई बाळंत झाली. तू झालीस."

मी वळले. त्या दारात उभ्या, हातात धारेची चरवी. मी इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. त्यात मटण आहे, मी म्हटलं. अळणी म्हणजे काय ते मला कळलंय, वर चरबी धरलेली मी डोळ्यांनी पाहिलीय, माझ्या वडिलांना शब्द दिला होता तुम्ही. मी रडत होते आणि भांडत होते. म्हैस आंबोण चाटूनपुसून घेत होती, तिकडे त्यांनी नुसतं बोट केलं.

"मटन असतं तर हिनं नाक तरी लावलं असतं का त्येला?"

इतके दिवस म्हैस माझ्या डोळ्यांदेखत पीत होती आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. पण माघार घ्यायची माझी रीत नाही. साय कुठून आली, ते सांगा, मी म्हटलं.

त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. जात्यामागच्या कोपऱ्यात पाटी पालथी घातली होती. तिच्याखाली एक नवं मडकं, एक लाकडी डाव, एक छोटा पाटा. मटणाला कधी न लागलेले. जाऊ विसराळू होती, एखाद्या वेळी परड्यातली पळी त्यात बुडवील, म्हणून हे लपवून ठेवलं होतं. बाळंतिणीला द्यायचं बिनमिठाचं पाणी, मग ते कशाचंही असो, त्यांच्या तोंडी अळणीच. मग त्यांनी चूल पेटवली आणि म्हणाल्या, कर आता तूच, मी सांगते.

हुलगे आदल्या दिवशी भिजवून रात्रभर फडक्यात बांधलेले, त्यांना मोड डोकावत होते. ते मडक्यात घातले, मंद जाळावर ठेवले. उकळी आली की जाळ ओढायचा, नाहीतर पाणी गढूळ होतं आणि कस हुलग्यातच राहतो. हुलगा बोटात दाबला की लोणी झाला पाहिजे. मग कट गाळून घ्यायचा, उरलेले हुलगे वाटून त्यातला निम्मा गोळा परत कटात कालवायचा, कारण नुसत्या पाण्यानं पोट भरत नाही. आणि शेवटी सुकं खोबरं, चुलीत भाजून काळसर केलेलं, पाट्यावर गंधासारखं वाटून. ते पडलं तसे पाण्यावर तेलाचे थेंब उठले. पळीभर पाणी त्यांनी ताटलीत ओतून दारात गारठ्याला ठेवलं. थोड्या वेळानं त्यावर पांढरी साय धरली. थंडीत खोबरेलाची बाटली गोठते हे मी लहानपणापासून पाहत आले होते.

तो कट मी पुढे जन्मभर केला. लेकीला, सुनांना, त्यांच्या पोरींना. जोडीला शेंगदाण्याचं कूट, कारळ्याची चटणी, मटकीची उसळ, आणि दर घासाला ज्वारीची भाकरी. त्या वाटीवर वाढलेली माझी मुलगी आता मलाच विचारते, आई, आज प्रथिनं पोटात गेली का.

पण त्या सकाळी माझा संशय अजून पुरता फिटला नव्हता. खोबरं आजच घातलं नसेल कशावरून? आधी का नव्हतं? आणि साय नेमकी मटणाच्या दुसऱ्या दिवशीच कशी दिसली? मी चुलीपुढे बसून विचारलं, "आत्याबाई, खरं सांगा. एकदा पण घातलं न्हाई?"

दुसरी कुणी असती तर देवाची शपथ घेऊन मोकळी झाली असती. त्यांनी जाळ पुढे सारला, मागे ओढला.

"मनात आलं हुतं," त्या म्हणाल्या. "दोनदा आलं. थोरला ल्योक आला तवा, आनि परवा गेला तवा. पळी भरून तुझ्या मडक्यावर धरली बी हुती. तुला कळलं नसतं."

"मग?"

"मग परत वतली. आनि ओटीतलं खोबरं घेतलं भाजाया." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी तुझ्या हातची भाकर न बघता खाती, पोरी. तूबी माझ्या हातचं तसंच खावंस, असं वाटलं."

पाळण्यात मुलगी कुरकुरायला लागली. आत्याबाईंनी मडक्यातून वाटी भरली आणि माझ्यापुढे सारली. वाफ एवढी होती की आत काय आहे ते दिसत नव्हतं.

मी देवळीकडे गेले नाही. वाटी उचलली आणि तशीच तोंडाला लावली.

"अगं फुकून पी," त्या म्हणाल्या.

मी फुंकलं नाही. जीभ चांगलीच पोळली.