टाचणीचा लॅपटॉप

लॅपटॉप अकरा वर्षांचा आणि टाचणी एकसष्टची. दोघांत जास्त हट्टी कोण, हे ठरवणं अवघड होतं. टाचणी हे तिचं घरातलं नाव. अंगाने बारीक आणि बोलायला टोचणारी, म्हणून आईने लहानपणी ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आई कपडे शिवायची, तेच काम टाचणीने पुढे चालवलं. पँटची उंची कमी करायची, कोटाचं अस्तर बदलायचं, बिघडलेल्या चेना बसवायच्या. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी कापायचं टेबल, आणि त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर तो लॅपटॉप.

तो तिला भाच्याने आणून दिला होता. भाचा म्हणजे थोरल्या ताईचा मुलगा. ताई दूरदेशी राहायची, आणि दोघी बहिणींचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा ताईला येता आलं नाही. फोनवर तिने आईची एकच वस्तू मागितली: मनगटाला बांधायची टाचण्यांची पट्टी. पट्टीवर लोहचुंबकाची चकती होती, टाचण्या तिला धरून राहायच्या. टाचणीने सांगितलं, सगळं घर शोधलं, सापडत नाही. हे सांगताना पट्टी तिच्या डाव्या मनगटावरच होती. ताईला संशय आला, शब्दाने शब्द वाढला आणि दोघींनी बोलणं टाकलं.

भाच्याने दोघींना समोरासमोर बसवलं ते पडद्यावर. दर रविवारी सकाळी अकरा वाजता. पहिले रविवार हवापाण्यात आणि गुडघ्यांत गेले. मग हळूहळू आईचा विषय निघू लागला, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप मान टाकायचा. पडदा काळा. बटण दाबून तो जागा होईपर्यंत ताई निघून गेलेली असायची.

असं चार वेळा झालं. टाचणीने मापांच्या वहीत तारीख, वेळ आणि चाललेलं बोलणं असं सगळं टिपून ठेवलं आणि वही दुरुस्तीवाल्यापुढे आपटली. त्याने पंख्यातली धूळ काढली. मग बॅटरी बदलली. तिसऱ्या खेपेला दोन दिवस लॅपटॉप दुकानात ठेवून घेतला, तर तो शिंकलासुद्धा नाही. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. टाचणीने त्याला त्याच्याच दुकानात चार शब्द सुनावले आणि लॅपटॉप काखोटीला मारून घरी आली.

चौथ्या वेळेनंतर ताईने शांतपणे सांगितलं होतं, "टाचणे, पुन्हा मधेच बंद केलंस तर मी फोन करणार नाही." आता आवाज चढवण्याचं दोघींचं वय उरलं नव्हतं, म्हणूनच टाचणीला भीती वाटली. ताई बोलल्याप्रमाणे वागणारी होती.

शनिवारी दुरुस्तीवाला स्वतः घरी आला. म्हणाला, "मावशी, दुकानात होत नाही आणि घरात होतं, म्हणजे घरातच काहीतरी आहे. रोज बसता तशा बसा." टाचणी हातातला कोट बाजूला ठेवून बसली. जड विषय निघाला की कशा बसता, असं त्याने विचारल्यावर ती पुढे झुकली आणि डाव्या हाताचा भार लॅपटॉपच्या कडेवर टाकला. पडदा काळा झाला.

दुरुस्तीवाला तिच्या मनगटाकडे बघत राहिला. मग त्याने समजावून सांगितलं. झाकणात बारीकसा चुंबक असतो, आणि तो खालच्या कडेजवळ आला की झाकण लावलं असं समजून लॅपटॉप झोपतो. तुमची पट्टी जवळ येते तेव्हा त्याला तसंच वाटतं. दुकानात हे कधी झालं नाही, कारण बाहेर पडताना टाचणी पट्टी काढून मशीनवर ठेवायची. घरात मात्र नऊ वर्षांच्या सवयीने ती हाताला असायचीच, आणि हाताला काही आहे हे शिवणाऱ्या बाईला जाणवत नाही.

तो हसत गेला. टाचणीला हसू आलं नाही. दोष सापडला होता, पण ताईला तो सांगायचा कसा? पट्टीचं नाव काढलं की नऊ वर्षांपूर्वीचं खोटं उघडं पडणार. नाही काढलं, तर चार वेळा तिने मुद्दाम फोन तोडला असंच ताई धरून चालणार. संध्याकाळपर्यंत तिने एकाच पँटची शिवण दोनदा उसवली.

रविवारी अकरा वाजता ताईचा चेहरा पडद्यावर आला. टाचणीने कसं आहे, बरं आहे, यात वेळ घालवला नाही. तिने मनगटावरची पट्टी सोडली आणि लॅपटॉपपासून हात लांब धरून ताईला दाखवली.

"ही जवळ आली की हा बंद पडतो. मी तोडत नव्हते, ताई. आणि ही हरवली नव्हती. मी खोटं बोलले."

पडदा उजळलेला होता, त्यामुळे टाचणीला ताईचे डोळे भरलेले स्पष्ट दिसले.

"पहिल्याच रविवारी दिसली होती मला तुझ्या हातावर," ताई म्हणाली. "आईचं नाव निघालं की तू पळतेस, असंच मी समजत होते. ठेव ती तिकडे मशीनवर. आणि मला सांग, शेवटच्या दिवशी आई काय म्हणाली?"

टाचणी उठली, पट्टी मशीनवर ठेवली आणि परत येऊन बसली.