बोलणाऱ्याचे पुरते ऐकून घ्यावे

समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत माझ्या दादाला दम धरवत नाही. तुम्ही "उद्या मी" एवढंच म्हणा, की कुठे जाणार, कशाने जाणार आणि का जाऊ नये, हे सगळं तोच सांगून मोकळा होतो. वहिनीने हा प्रश्न रेडिओचा आवाज वाढवून सोडवला. मला ते जमलं नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या चौकशी विभागात गेली. दिवसभर अनोळखी माणसांचं निमूट ऐकून घ्यायचं आणि घरी येऊन सख्ख्या भावाच्या तोंडून आपलंच वाक्य ऐकायचं. आता आम्ही दोघंही निवृत्त. तो वर राहतो, मी खाली, आणि मधे जिना आहे म्हणून बरं चाललंय.

गंमत म्हणजे याच माणसाने तरुणपणी एक नियम लिहिला होता: 'सभेत बोलणाऱ्याचे पुरते ऐकून घ्यावे. त्यास मधे थांबवू नये.' विद्यापीठात वनशास्त्र शिकताना दादाने चार मित्रांबरोबर विद्यार्थ्यांचं एक मंडळ काढलं. विभागाच्या इमारतीमागची पडीक जागा मागून घेतली, तिथे रोपवाटिका केली, आणि कोपऱ्यात पाच जणांनी एकेक सागाचं रोप लावलं. मंडळाची नियमावली दादाने लिहिली. हा त्यातला नववा नियम. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

पुढे दादाचं सगळं आयुष्य जंगलात खुणा करण्यात गेलं. रोपं दाट लावतात, म्हणजे ती उजेडाच्या ओढीने सरळ वाढतात. मोठी झाली की अधलीमधली काढून टाकतात, म्हणजे उरलेल्यांना ऊन मिळतं. याला विरळणी म्हणतात. कुठलं झाड काढायचं ते ठरवून त्याच्यावर रंगाचा पट्टा ओढायचा, हे दादाचं काम. त्या कामात त्याचा हात कधी अडखळला नाही, असं त्याचे साहेब सांगायचे. पण नोकरीबद्दल तो फारसं बोलत नसे. नियमावलीबद्दल विचारा, चहा गार होईपर्यंत बोलेल.

म्हणून मंडळाची यंदाची अध्यक्ष त्याला शोधत आमच्या दारात आली तेव्हा दादाला आभाळ ठेंगणं झालं. चिखलाचे बूट दाराबाहेर काढून ती मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली.

"सर, मंडळाच्या बाबतीत एक..."

"कार्यक्रम आहे. येईन की. भाषण किती वेळाचं?"

"नाही सर, आमची मान्यता..."

"मान्यता जुनी आहे, चिंता नको. कागद आहेत माझ्याकडे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं. मी चहाचे कप खाली ठेवले आणि म्हटलं, "दादा, नियम नववा."

तो गप्प झाला, आणि मुलीचं बोलणं एकदाचं पुरं झालं. विद्यापीठाचा नवा हुकूम निघाला होता: प्रत्येक मंडळ सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना खुलं हवं. यांच्या नियमावलीत 'सभासद केवळ वनशास्त्राचे विद्यार्थी असावेत' असं लिहिलेलं. वर्ष संपायच्या आत ते बदललं नाही तर मान्यता जाणार, आणि मान्यतेबरोबर खोली आणि रोपवाटिकाही. त्या जागेवर गाड्या लावायचा बेत तयारच होता.

"मग बदला की," मी म्हटलं.

"बदलता येत नाही, मावशी. बारावा नियम."

बारावा नियम दादाने न बघता म्हणून दाखवला. 'या नियमांत बदल करावयाचा झाल्यास सर्व संस्थापकांनी एकत्र बसून एकमताने करावा. स्वतः लेखी राजीनामा देईपर्यंत संस्थापक हा संस्थापक राहील.' म्हणताना त्याचा आवाज हळूहळू उतरत गेला. विशीत असताना मित्र म्हणजे हाकेच्या अंतरावरची माणसं. ती पांगतील, हे त्या वयात कुणाच्या डोक्यात येतं? आता पाचांपैकी एक परदेशी होता, एकाचा पत्ता नव्हता, एक या जगात नव्हता. आणि एकाशी दादा बारा-तेरा वर्षांत एक शब्दही बोलला नव्हता.

मी फोन जवळ ओढला. माणसं शोधून काढणं हा माझा धंदाच होता. परदेशी गेलेला लगेच सापडला. तो पुष्कळ हळहळला, आणि त्याचा राजीनामा आठवडाभरात पोचला. पत्ता नसलेला आता विमे विकत होता. मंडळ म्हटल्यावर त्याला काही केल्या आठवेना. "मी झाड लावलं होतं? मी?" असं त्याने तीनदा विचारलं, राजीनामा द्यायला आनंदाने तयार झाला, आणि जाता जाता मला एक विमाही सुचवला.

जो नव्हता तो गवई. कुदळ मारताना गायचा म्हणून हे नाव पडलेलं. आवाज बेताचा होता, पण हौस दांडगी. दादाचा तो जिवाचा मित्र. पन्नाशी उलटल्यावर आजाराचं निमित्त झालं आणि गेला. त्याच्या बायकोने मृत्यूचा दाखला पाठवला, आणि फोनवर एवढंच विचारलं, "यांचं झाड कसं आहे हो?"

"उभं आहे," दादा मागून म्हणाला. पण म्हणताना तो खिडकीबाहेर बघत होता. त्या कोपऱ्यात तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता, हे मला माहीत होतं.

राहिला बांबू. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा, आणि बोलला की न वाकणारा. गवई जाऊन काही महिने झाले असतील तेव्हा हा बांबू एका सकाळी रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन रोपवाटिकेत आला. पाच सागांची कोपऱ्यात फार दाटी झाली होती, विरळणी करायला हवी, असं त्याने म्हणायला सुरुवात केली. सुरुवातच. आमच्या दादाला पुढचं सगळं ठाऊक होतं. पाचांत गवईचं झाड सगळ्यांत बारीक, आणि या धंद्यात बारीक झाड आधी जातं. उभा जन्म दादाने तेच केलं होतं. मग तो बांबूला नाही नाही ते बोलला. मित्राची माती अजून ओली आहे आणि तू त्याच्या झाडावर पट्टा ओढायला आलास, असं काहीबाही. वर अकरावा नियम तोंडावर फेकला: 'संस्थापकांची पाच झाडे कधीही तोडू नयेत.' बांबूने डब्याचं झाकण लावलं आणि निघून गेला. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही.

"तू लाव फोन," दादा मला म्हणाला. "मी नाही बोलणार."

मी लावला. बांबूने माझं सगळं ऐकून घेतलं, इतकं शांतपणे की मधे मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाला, "राजीनामा देणार नाही. सभेला येतो. पण एक नाही, दोन नियम बदलायचे. अकरावाही. नाहीतर माझं मत नाही."

निरोप ऐकून दादा उठला आणि वर निघून गेला. दोन दिवस खाली उतरला नाही. तिसऱ्या दिवशी ती अध्यक्ष मुलगी विचारायला आली तेव्हा त्याने वरूनच सांगितलं, "जमणार नाही म्हणावं." मुलगी जिन्यापाशी उभीच राहिली. मग मला म्हणाली, आम्ही दोन वर्षं रोपं वाढवलीत, नदीकाठी लावायची आहेत, इतक्यात कुठे हलवता येणार नाहीत. तिचा आवाज रडवेला नव्हता. असता तर मला दादाचा कमी राग आला असता.

मी जिना चढले. गुडघे कुरकुरत होते तरी चढले.

"एका झाडासाठी सगळी बाग घालवणार आहेस?"

"तुला कळायचं नाही."

"मला सगळं कळतं. आयुष्यभर तुझं अर्धं आणि माझं अर्धं अशी वाक्यं ऐकत आलेय. गवई असता तर त्याने काय केलं असतं?"

वहिनीने रेडिओ बंद केला, म्हणजे प्रसंग किती गंभीर ते समजा. "तो गेला तेव्हा मला रडता आलं नाही," दादा म्हणाला. "झाड आहे ना, असं मी मनाला सांगत राहिलो. आता तेही मीच हात वर करून तोडायचं?"

मी आल्या पावली खाली उतरले. पण सभेच्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून खाली उतरला. मत कोणतं देणार ते मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

मंडळाची खोली लहान. भिंतीला टेकवलेली फावडी, खिडकीत बियांच्या बरण्या, बाकांवर विद्यार्थी आणि मागे पाहुणी म्हणून मी. बांबू वेळेवर आला. आता तो नावापुरताच बांबू होता. पाठ वाकली होती आणि पायऱ्या चढताना त्याला खोकला येत होता. दोघांनी एकमेकांना मान हलवून नमस्कार केला, बँकेत अनोळखी माणसं करतात तसा.

सभासदत्वाचा नियम बदलायला दोघांनीही हात वर केला. पण कागदावर सही करायला बांबू तयार नव्हता. दोन्ही होऊ देत, मग एकदमच सही करतो, म्हणाला. अकरावा नियम निघाला तसा तो उठून उभा राहिला.

"ती पाच झाडं लावताना आपण हौसेने फार जवळ लावली. त्यातली..."

दादा उठलाच. "त्यातलं कुठलं तुझ्या डोळ्यांत सलतंय ते मला..."

"सर," अध्यक्ष मुलगी म्हणाली. ती तशी हळूच बोलली. "नियम नववा."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दादा उभा होता, हात अर्धवट वर. मग तो बसला. बाक करकरला. माझ्या आठवणीत तरी तो असा पहिल्यांदाच बसला.

"त्यातली दोन काढायची," बांबूने जिथे सोडलं होतं तिथून उचललं. "एक माझं आणि एक याचं. गवईचं आमच्या दोघांच्या मधे आहे. आम्ही दोघं दोन्हीकडून वाढलो आणि त्याचं ऊन अडवून बसलो. आमची काढली तर ते वाढेल. तेवढंच सांगायला मी त्या दिवशी आलो होतो." तो खोकला, पाणी प्यायला. "एकदा आलो. दुसऱ्यांदा यायला हवं होतं. पण मीही काही कमी हट्टी नाही."

दादा जमिनीकडे बघत होता.

"झालं तुझं बोलून?" त्याने विचारलं. विचारण्यात जराही खोच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"झालं."

दादाने हात वर केला.

मग सगळे मागच्या कोपऱ्यात गेलो. दादाचं झाड कवेत न मावणारं, बांबूचंही तसंच, आणि वर दोघांच्या फांद्या एकमेकांत अडकलेल्या. मधे गवईचं, माझ्या दंडाएवढं, एका बाजूने वाळलेलं. शेंड्याला थोडी पानं होती, तीही उजेडाकडे वाकडी वळलेली. दादाने खोडावर हात ठेवला.

"जगेल?"

"तेव्हा नक्की जगलं असतं," बांबू म्हणाला. "आता सांगता येत नाही."

हे त्याने टोचून म्हटलं नव्हतं. झाडाबद्दल विचारलं, झाडाबद्दल सांगितलं. दादाने मान हलवली, मुलीच्या हातातला कुंचला घेतला आणि आपल्या झाडावर छातीच्या उंचीवर पट्टा ओढला. हात अडखळला नाही. ओढून झाल्यावर मात्र तो तिथेच खाली बसला आणि रडला. गवईसाठी जे रडायचं राहिलं होतं ते सगळं रडला. बांबू त्याच्या शेजारी बसला. विद्यार्थी शहाणे होते, रोपांना पाणी घालायला निघून गेले. घरी निघण्याआधी दोघा मित्रांनी कागदावर सह्या केल्या, आणि त्याखाली आपापले राजीनामे लिहून दिले, म्हणजे पुढच्या पोरांना म्हाताऱ्यांच्या मागे फिरायला नको.

बाग राहिली. दोन झाडं पडली. दादा आता सभासद नाही, तरी दर आठवड्याला जातो. सागाचं खोड तोडलं तरी बुंध्यातून फुटवे येतात, तसे त्याच्या बुंध्याला आले. "बघ, तोडलं तरी मधे बोलायची खोड गेली नाही," मी म्हटलं. तो हसला. पण ते फुटवे तो स्वतः कोयत्याने काढतो, गवईच्या झाडाला उजेड लागावा म्हणून. त्या झाडाचं अजून काही खरं नाही. पुढच्या पालवीला कळेल, असं बांबू म्हणतो.

म्हणतो तो फोनवर. रविवारी दादा माझ्याकडे खाली येतो आणि माझ्याच फोनवरून त्याच्याशी बोलतो. परवा बांबू काहीतरी सांगत असताना त्याला खोकल्याची उबळ आली आणि वाक्य अर्ध्यात राहिलं. दादाच्या कानाला लावलेल्या फोनमधला खोकला मला इथपर्यंत ऐकू येत होता. पुढे तो काय म्हणणार ते दादाला ठाऊक होतं, त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. मी वाट बघत होते. दादा फोन धरून तसाच बसून राहिला, खोकला थांबेपर्यंत.