ठसका लागलाच नाही

सांगायला लाज वाटते, कारण असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात दृष्ट, उतारा, अंगारा काही चालत नाही. त्यात मी पीएचडी करून आता नागपुरातच पोस्टडॉक करतेय. विषय — कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरचा काचेसारखा पडदा, त्यातल्या नसा मेल्या तर परत कशा वाढतात आणि वाढताना का दुखतात. थोडक्यात, भुताखेतांना माझ्याकडे जागाच नाही!

आणि नशीब बघा... मागच्या वर्षी आईच्याच कपाळावर आणि उजव्या डोळ्यावर नागीण उठली. नागीण बरी झाली, पण डोळ्यातल्या नसा मारून गेली. कापसाचं टोक लावलं तरी पापणी हलेना. असा बधिर डोळा धोक्याचा असतो. कचरा गेलेला कळत नाही, जखम होते आणि शेवटी डोळाच जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नस परत वाढवणारं औषध सुरू केलं, मी ज्यावर काम करते तेच. काही महिन्यांनी आईचा डोळा मायक्रोस्कोपखाली तपासला, तर सगळ्या काळ्यात एक बारीक पांढरी तार दिसली. नवी नस! मी नाचायचीच बाकी होते.

त्याच आठवड्यात आई कळवळायला लागली. "डोळ्यात तिखट गेल्यावानी होऊन राहिलं वं... काढून टाक तो डोळा."

"आई, दुखते म्हणजे नस जिती होऊन राहिली. थोडी कळ काढ."

"थोडी म्हणजे किती?"

गोळ्या झाल्या, थेंब झाले. आई जेवेना, झोपेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दारात चपला काढतानाच तिचं कण्हणं ऐकू यायचं आणि खरं सांगते, उलट्या पावली लॅबमध्ये पळून जावंसं वाटायचं.

एका संध्याकाळी मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटवर पोचले तर समोरच्या काकू स्वयंपाकघरात. हातात मीठ, मोहरी आणि मावशीने कुहीहून पाठवलेल्या लाल मिरच्या.

"तुह्या आईनंच बोलावलं मले," त्या म्हणाल्या. "रागावू नको."

माझ्या आईने! लहानपणी मला काजळाची तीटसुद्धा लावू न देणाऱ्या बाईने! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात... मी पिशवी खाली ठेवून बाजूला सरकले.

काकूंनी आईवरून सगळं ओवाळून तापल्या तव्यावर टाकलं. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या पडल्या, धूर झाला. पण ठसका नाही. कोणालाच नाही. खिडक्या बंद होत्या. मी तव्यावर वाकून धूर नाकात ओढला — डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. मिरचीचं तिखट ही माझ्या रोजच्या कामातली वस्तू आहे. नस दुखते का हे बघायला आम्ही तेच वापरतो. ते असं गप्प बसू शकत नाही.

"पाह्य, किती जबर दृष्ट होती," काकू म्हणाल्या. "नाही तं खोकून खोकून जीव गेला असता."

आई उठून बसली. "थांबलं वं," म्हणाली. दोन पोळ्या खाल्ल्या आणि झोपली. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

सकाळी त्याच डब्यातल्या मिरच्या त्याच तव्यावर टाकून पाहिल्या. इतकी खोकले की वरच्या मजल्यावरची माणसं ओरडायला लागली.

मग आईला तपासायला नेलं. मायक्रोस्कोपच्या स्क्रीनवर सगळा काळोख. तार नव्हती. मी पुन्हा पुन्हा पाहिलं, डॉक्टरांनीही पाहिलं. नवी नस मरू शकते, मान्य. पण नागीण उलटली नव्हती, औषधंही तीच होती. आणि मेलेली नस काहीतरी मागे ठेवते... एखादा तुकडा, एखादा ठिपका. इथे काहीच नव्हतं, जणू ती कधी उगवलीच नव्हती.

पुढे व्हायचं तेच झालं. जखम झाली, ती भरली नाही. त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो.

लॅबमधले म्हणतात, खिडकी उघडी असेल, योगायोग असेल. दुसऱ्या कोणाचं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. तुम्हाला काही सुचत असेल तर सांगा. मी विचार करून थकले आहे.

परवा आईने आपणहून विचारलं, "तुह्या त्या औषधानं नस वापस येईन का?"

"लय उशीर झाला आई... पण करून पाहू."

"आली तं दुखन?"

"हो."

तिने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. "मंग राहू दे वं. मले झोपू दे."