न काढलेला बोल्ट

हवाई दलात माझं काम एकच होतं. विमान न कापता, न तोडता त्याच्या धातूतली भेग शोधायची. वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि रायपूरला एका खाजगी कंपनीच्या हँगरमध्ये तेच काम धरलं. तिथली विमानं जुनी.

त्या दिवशी ०९१० ला सर्वांत जुन्या विमानाचा डावा पंख तपासायला घेतला. १५०० ला सहा प्रवासी जाणार होते. मागच्या वर्षीचा रिपोर्ट सांगत होता: पंखाचे बोल्ट काढले, छिद्रं तपासली, दोष नाही. पण बोल्टवरचा जुना रंग कुठंच तुटलेला नव्हता. बोल्ट कधी निघालाच नव्हता. रिपोर्टखाली सही ढोकेची, माझ्याआधी इथं हेच काम करणाऱ्याची. सार्जंट ढोके, दलात चौदा वर्षं माझ्याच सेक्शनला होता.

१२४० ला बोल्ट निघाला. एडी करंटचा, म्हणजे विजेच्या प्रवाहानं भेग हुडकणारा, प्रोब छिद्रात फिरवला. स्क्रीनवर रेघ उसळली. प्रोब बदलला. पुन्हा तिथंच. भेग होती.

मॅनेजर म्हणाला, "भैया, वर्षभर उडलंच ना? आजचं जाऊ द्या."

"नाही."

"ढोकेसाहेब कधी असा त्रास देत नव्हते."

मी लॉगबुकात 'उड्डाणास अयोग्य' लिहिलं आणि पायलटला स्क्रीन दाखवली. तो बॅग उचलून निघून गेला. विमान जागेवरच राहिलं.

संध्याकाळी समता कॉलनीत ढोकेच्या घरी गेलो. वहिनींनी चहा आणला. मी कपाला हात लावला नाही.

"काहून केलं?"

"बोल्ट काढाले अर्धा दिवस जाते. मॅनेजर घाई करून राहिला होता." त्यानं टीव्हीचा आवाज थोडा कमी केला. "सगळेच करतात, तुले माहीत आहे."

मला त्याची किळस आली.

"त्या डोंगरावर आपण दोघं होतो," मी म्हणालो.

आमचं एक विमान तिथं पडलं होतं. तुकडे आम्हीच वेचले. भेग अशा जागी निघाली, जिथं तेव्हाचं कुठलंच यंत्र पोचत नव्हतं. ती कोणालाच दिसली नसती. या बोल्टच्या वेळी ढोकेच्या हातात मात्र यंत्र होतं.

मी उभ्यानंच त्या विमानात गेलेल्यांची नावं घेतली. फ्लाइट लेफ्टनंट मेनन. वॉरंट ऑफिसर बिश्त.

"बस कर," ढोके म्हणाला.

मी थांबलो नाही. सार्जंट कुजूर. कॉर्पोरल साहू, भनपुरीचा, वय चोवीस.